टेबलाखालच्या चपला

एकदा एक तरुण शिष्य स्वतः घडवलेली पहिली खुर्ची घेऊन आपल्या गुरूंसह एका व्यापाऱ्याच्या पेढीवर गेला. अस्सल सागवान, ताठ पाठ आणि दोन्ही बाजूंना नक्षीदार हात. पेढीवरचे लेखनिक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लिहीत बसत. खुर्ची पसंत पडली, तर पेढीचे सगळे काम शिष्याला मिळणार होते आणि स्वतंत्र कारखाना काढायची अनुज्ञाही गुरू देणार होते.

व्यापारी क्षणभर खुर्चीत बसला. म्हणाला, "वा! राजेशाही आहे. अशाच सगळ्या करा."

शिष्याची छाती फुगली. गुरू मात्र गुडघ्यांवर हात टेकून लेखनिकांच्या टेबलांखाली वाकून पाहत होते. एवढा नावाजलेला सुतार, आणि शोधतोय काय, तर पडलेली सुपारी? व्यापाऱ्याला हसू आवरेना. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"गुरुजी, काय पाहताय?"

"चपला. तूही पाहा."

शिष्य वाकला. टेबलांखाली चपला होत्या, पाय नव्हते. जुन्या खुर्च्यांवर जो तो मांडी घालून, नाहीतर एक पाय दुमडून बसला होता.

गुरू म्हणाले, "बाळ, तुझी कारागिरी निर्दोष आहे. पण ही खुर्ची क्षणभर बसणाऱ्या शेठजींसाठी झाली. दिवसभर बसणारा एकाच स्थितीत राहत नाही. खुर्चीच्या या सुंदर हातांमध्ये त्याचा गुडघा मावणार कुठे? मांडी बदलताना सगळा भार एका कोपऱ्यावर आला, तर हा नाजूक सांधा टिकेल का? शरीराला धाक घालते ते आसन नव्हे."

शिष्याने खुर्ची उचलली.

"अहो, मला पसंत आहे ना!" व्यापारी चिडला. "आता नेलीत, तर काम दुसऱ्याला देईन."

"द्या शेठजी," शिष्य म्हणाला. "पण ही मी देणार नाही."

काही दिवसांनी तो गुरूंसह दुसरी खुर्ची घेऊन आला. रुंद बैठक, कमरेला टेका देणारी पाठ, बिनहाताची, भक्कम सांध्यांची. व्यापाऱ्याने घुश्श्यातच ती सर्वांत वयस्कर लेखनिकाला दिली. संध्याकाळी दोघांसमोरच त्याला विचारले, "काय हो, कशी आहे खुर्ची?"

"खुर्ची?" लेखनिकाने मान वर केली. "अरेच्चा, आज बदललीत नाही का! कामात ध्यानातच राहिले नाही."

व्यापारी गुरूंकडे वळला. "ही तुम्हीच घडवलेली दिसते. बाकीच्याही तुम्हीच करा."

"नाही शेठजी," गुरू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला अभिमान साऱ्या पेढीने ऐकला. "त्या याच्याकडूनच करून घ्या. इतकी चांगली मला जमणार नाही."