हवेलीचं चित्र आणि पावाचा गोळा

फार जुनी गोष्ट. हॉलंडात तेव्हा पेन्सिलीच्या रेघा पावाच्या गोळ्याने पुसत. एका चित्रकाराने कालव्याकाठच्या हवेलीचं चित्र काढलं. त्यात बाग होती, कारंजं होतं आणि मागच्या दारात कांदे सोलत बसलेली स्वयंपाकीण हेंड्रिकाही होती.

मालकाने नाक मुरडलं. "ही कशाला इथे? पुसून टाका."

पावाने तिला झटक्यात पुसलं आणि ऐटीत म्हणाला, "आता कशी शोभा आली हवेलीला!"

पेन्सिलीने विचारलं, "अरे, तुला पहाटे भाजलं कुणी?"

पाव घाईघाईने उरलेल्या रेघा पुसू लागला.

काम संपल्यावर चित्रकाराने तो गोळा मागच्या दारी फेकला. हेंड्रिकाने तो उचलला, हळूच झटकला. "कशाने रे एवढा काळवंडलास?"

आपल्या अंगावर तीच आहे, हे सांगायला पावाला तोंड नव्हतं.