निंबळगडची जर्मन जत्रा

निंबळगडच्या श्रीमंत मानाजीरावांना जर्मनीतली बिअरची जत्रा आपल्या संस्थानात हवी होती, आणि ती गावच्या गायरानावरच हवी होती! त्या गायरानाच्या गवतावर गवळीवाड्यातल्या शंभर म्हशी जगत होत्या. पण महाराजांच्या डोक्यात एकदा काही शिरलं, की ते बाहेर काढायला दिवाणजीसुद्धा धजत नसत.

हे खूळ भरवलं होतं महाराजांच्या मेव्हण्यांनी. भुजंगराव युरोप पाहून आले होते. म्युनिक शहरात त्यांचा मुक्काम अडीच दिवस. त्यातले दीड दिवस पोट बिघडून खोलीत! एवढ्या भांडवलावर ते तीन वर्षं दरबारात त्या ‘ऑक्टोबरफेस्ट’ जत्रेच्या गोष्टी सांगत होते.

गवळीवाड्यातली हौसा तडक दरबारात आली.

"सरकार, गायरान गेलं तर म्हशी इकाव्या लागत्याल. माझ्या सात हायेत, पोरींवानी वाढवल्यात. जत्रा दुसरीकडं भरवा!"

"अजिबात नाही!" महाराज गरजले. "तिकडे ती शहराबाहेरच्या कुरणात भरते. आमची जत्राही हुबेहूब तशीच होणार. त्यात तिळाएवढा फरक दाखव, गायरान तुमचं!"

भुजंगराव खो खो हसले. "बाई, तू आपली नदी तरी ओलांडली आहेस का कधी?"

"न्हाई जी. पर फरक दावते. आठ दिस द्या."

"दिले!" महाराज म्हणाले. "नाही दाखवलास, तर म्हशी घेऊन संस्थानाबाहेर व्हायचं!"

आठव्या दिवशी दरबार भरला. भुजंगरावांनी मुंबईहून मागवलेली नमुन्याची बिअर काचेच्या मोठ्या पेल्यात ओतली. पेल्यावर पांढराशुभ्र फेस आला आणि दरबाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दाजीसाहेब," भुजंगराव म्हणाले, "जत्रा ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सुरू करू. तिकडे तशीच असते. नावच ऑक्टोबर!"

"जी न्हाई!" हौसा म्हणाली. "तिथली जत्रा सप्टेंबरातच सुरू हुती. ऑक्टोबरात लई गारठा पडाया लागतो, म्हणून अलीकडं वढली. नाव तेवढं जुनं ऱ्हायलं."

"थापा! उद्या म्हणशील, ती बिअरसाठी सुरूच झाली नाही!"

"न्हाईच झाली! मूळ लगीन हाय ते. राजपुत्राचं लगीन झालं, तवा समद्या रयतेला बोलावलं अन् कुरणात घोड्यांची शर्यत लावली. बिअरचा लोंढा मागनं आला. त्या कुरणाला अजून नवरीचंच नाव हाय."

भुजंगरावांचा चेहरा पडला. "हे तुला कोणी शिकवलं?"

"बँडमास्तरांनी!"

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथे संस्थानचे बँडमास्तर ओटोसाहेब कर्णा मांडीवर घेऊन बसले होते. जन्म म्युनिकचा, निंबळगडात एकोणीस वर्षं. लग्नाला कोणती धून आणि मयताला कोणती, हे त्यांना सगळे विचारत. जत्रेबद्दल विचारावं असं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. हौसा त्यांच्या दारात रोज दूध घालायची, तिने विचारलं.

"बाई खरं बोलते," ओटोसाहेब उठून म्हणाले. "मी सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही!"

हौसाला वाटलं, जिंकलो आपण! पण महाराज हरणाऱ्यातले नव्हते.

"शाबास, हौसा! चुका वेळेवर कळल्या. आता जत्रा सप्टेंबरात करू, घोडेही पळवू. म्हणजे फरक उरला नाही. गायरान रिकामं करा!"

दुसऱ्या कोणी असा शब्द फिरवला असता, तर लोक त्याला लबाडी म्हणाले असते. दिवाणजींनी मान डोलावून ‘धोरण’ म्हटलं.  हौसाच्या डोळ्यांसमोर सात म्हशी आल्या आणि तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. तेवढ्यात तिची नजर त्या फेसाळ पेल्यावर गेली.

"सरकार, जत्रंतली बिअर कुठनं येनार?"

"मुंबईहून, आगगाडीने! दोनशे पिंपं!"

"ओटोसाहेब, तुमच्या जत्रंत दुसऱ्या गावची बिअर चालती का वो?"

ओटोसाहेबांची छाती फुगली. "नाही! म्युनिकची जत्रा, म्युनिकचीच बिअर!"

"ऐकलंत सरकार? हुबेहूब करायचं, तर निंबळगडच्या जत्रंत निंबळगडातच केलेलं प्यायचं. अन् वर फेस पायजे!"

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. "आपल्या गावात असं फेसाचं काय होतं हो?"

दिवाणजींनी डोकं खाजवलं. "सरकार... ताक."

"ताकच!" हौसा म्हणाली. "दोनशे पिंपं ताकाला समद्या म्हशी पायजेत, अन् म्हशींना गायरानाचं गवत पायजे. तिथं तंबू ठोकलं तर गवत मेलं, म्हशी गेल्या, ताक संपलं. मग सरकार, पाव्हण्यांस्नी पाजनार काय? जत्रा हुबेहूब पायजे, तर गायरान राखाया लागंल!"

 महाराज असे हसले, की फेटा कानावर आला!

"अगं, पण जत्रेला कुरण तर हवंच ना?"

"भुजंगरावसाहेबांचा बंगला गावाबाहेरच हाय की! म्होरं केवढी हिरवळ हाय, अजून एका म्हशीचं तोंड लागलं न्हाई तिला!"

"दाजीसाहेब, ते माझं टेनिसचं—"

"जत्रा तिथेच!" महाराजांनी हुकूम सोडला. गायरानाची सनद तिथल्या तिथे लिहून, शिक्का मारून हौसाच्या हाती दिली, आणि वर दुधाचं चांदीचं माप! "आणि भुजंगराव, तिकडे एकेक बाई दहा-दहा पेले उचलते म्हणता ना? आता तुम्ही उचला. सगळ्यांना ताक आणा!"

भुजंगराव घामाघूम होऊन पेले घेऊन आले. महाराजांनी त्यातला काठोकाठ फेसाळलेला पेला उचलला.

"थांबा सरकार!" हौसा ओरडली. "फेस बसू द्या. आमच्यात फेसासकट माप धरत न्हाईत."

महाराज थांबले. फेस हळूहळू बसला. खाली चार घोट ताक उरलं.

"भुजंगराव," महाराज पुन्हा हसत सुटले, "तुमची जर्मनीसुद्धा एवढीच होती की हो!"