मोठ्या टायरांची तहान

सन दोन हजार अकरा, वैशाखाचा शेवटचा आठवडा. संपतराव जाचकांनी रुबाबासाठी आपल्या लहानशा जीपला ट्रॅक्टरला शोभतील असे टायर बसवले. गाडी डिझेल जास्त पिऊ लागली आणि ठपका आला ड्रायव्हर गोविंदावर.

"डिझेल कुठं विकलंस रे, चोरा?" भर चावडीत असं विचारून संपतरावांनी भरपाई म्हणून त्याची दुभती शेळी ओढून नेली. गोविंदाची तान्ही नात त्याच दुधावर होती.

संपतराव रोज सकाळी पाण्याची एक बाटली घेऊन टेकडीवरच्या देवीला जाऊन येत. दुसऱ्या दिवशी गोविंदा मळ्यातल्या धिप्पाड राखणदाराचे गमबूट घेऊन वाटेत उभा राहिला.

"मालक, आज हे घालून जा. रोजच्यासारखं एका बाटलीत भागलं, तर मी चोर."

माणसं जमली होती. मागं सरणं संपतरावांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी बूट चढवले. मागोमाग गोविंदा आणि माणसंही निघाली. जड बूट ओढत ते अर्ध्या चढावर पोचले, तोवर बाटली रिकामी झाली.

"पाणी आण रे!" ते धापा टाकत म्हणाले.

गोविंदा जागचा हलला नाही.

"रोज पुरणारं पाणी आज कुठं विकलंत, मालक?"

संध्याकाळी शेळी परत गोविंदाच्या दारात बांधलेली होती; त्या दिवसाचं दूध मात्र संपतरावांनी आधीच काढून घेतलं होतं.