भिवरेची रेघ

ती समोरची तांबडी रेघ बघा. डोंगराच्या माथ्यावरून निघते ती थेट खालच्या पहिल्या घराच्या अंगणात उतरते, केसांत भांग पाडावा तशी. श्रावणात अख्खा डोंगर हिरवा होतो, पण रेघ तांबडीच राहते. शिकलेले पाव्हणे येतात आणि आम्हालाच सांगतात की पाण्यानं झिजलं असेल. पाणी कधी असं सरळ गेलंय का? ते वाट शोधत वाकडंतिकडं जातं. ही रेघ पाण्याची नाही, भिवरा म्हातारीची आहे.

फार मागची गोष्ट सांगतात. वरच्या गडावर तेव्हा किल्लेदार असायचा. उभं झाड गडाचं आणि पडलेलं झाड गावाचं, असा वाडवडलांपासूनचा रिवाज. माघ लागला की बाया वर जायच्या, वाऱ्यानं पडलेली झाडं तोडून मोळ्या आणायच्या, म्हणजे शिमग्याच्या आत वर्षाचं जळण घरात. त्या साली किल्लेदारानं चुन्याच्या भट्ट्या लावल्या आणि भट्ट्यांचं पोट काही भरेना. मग दवंडी आली. पडलेलं लाकूडही गडाचं. कुणी त्याला कुऱ्हाड लावायची नाही, कुणी मोळी डोक्यावर न्यायची नाही. शिवाय घराघरांतून कुऱ्हाडी-कोयते गोळा करून गडावर नेले. गाव खाली मान घालून बसलं. बाप्यांनी त्याला शहाणपण म्हटलं, म्हणे.

भिवरेला ते शहाणपण परवडणारं नव्हतं. नवरा कधीच गेलेला, घरात ती आणि तिची लेक तानू. तानू बाळंत होऊन तीन दिवस झाले होते. तिची आधीची दोन पोरं थंडीनंच गेली, एक तिसऱ्या दिवशी, एक पाचव्या. ही तिसरी, मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. आणि गारठा असा की गुरंसुद्धा गोठ्याबाहेर पाय टाकेनात. खाटेखालच्या शेगडीत निखारा होता, पण कोपऱ्यात गोवऱ्या चारच उरल्या होत्या. शेजारणींनी दिलं तेवढं दिलं, त्यांच्याही चुली उपाशी. तानू नुसती त्या चार गोवऱ्यांकडं बघत राहिली. भिवरेनं विहिरीचा दोर खांद्यावर टाकला. "हा विस्तव विझला तर माझं नाव भिवरा नाही," म्हणाली, आणि उजाडता उजाडता डोंगर चढली.

माथ्यावर, जिथून उतार सुरू होतो तिथं, गडाची चौकी होती. चौकीपासून हाकेच्या अंतरावर ऐनाचं एक वाळकं झाड मुळासकट पडलं होतं. भिवरेनं त्याच्या बुंध्याला दोर बांधला आणि ओढायला लागली. वीतभर सरकायचं, अडायचं. चौकीवरचा हवालदार आधी पोट धरून हसला, शिपायांना बोलावून गंमत दाखवली. तिच्या हाताची सालं निघाली तेव्हा तिनं पदर फाडून तळव्यांना गुंडाळला आणि परत दोर धरला. दुपार कलायच्या आत झाड चौकीपुढं आलं, असं सांगतात. एकटीच्या बळानं आलं की देवानं मागून लोटलं, ते तिलाच ठाऊक.

आता हवालदाराचं हसू गेलं. "म्हातारे, हुकूम ऐकला नाहीस का?"

"ऐकला की. कुऱ्हाड लावायची नाही, लावली नाही. मोळी डोक्यावर न्यायची नाही, डोकं मोकळं आहे बघा. झाड आपलं माझ्या मागनं येतंय. त्याला अडवा."

हवालदार मिशीला पीळ देत उठला आणि बुंध्यावर मांडी घालून बसला. "हे अडवलं. आता ने."

"बसा, हवालदार. राखणीला माणूस पाहिजेच होता," भिवरा म्हणाली.

तिनं जोर लावला. झाड हललं नाही. पुन्हा लावला, गुडघ्यावर आली. चौकीपाशी गावच्या पाच-सात बाया बसवून ठेवल्या होत्या. हातानं काटक्या मोडून मोळी बांधली, एवढाच त्यांचा गुन्हा. मोळ्या गेल्या त्या गेल्याच होत्या. त्यांतली एक उठली आणि दोराला जाऊन लागली. मग दुसरी. मग सगळ्याच. शिपाई पुढं होणार, पण बायांच्या अंगाला हात लावायचा कुणी?

झाड उताराच्या तोंडाशी आलं. माघातलं वाळलं गवत किती निसरडं असतं ते अनवाणी चालणाऱ्याला विचारा. बाया दोर टाकून बाजूला झाल्या आणि ऐन निघाला. हवालदाराला उतरायला सवड कुठली? पागोटं माथ्यावरच राहिलं. झाड उतारावर सरळ रेघ ओढत खाली आलं आणि तानूच्या अंगणात थांबलं. कुडाची एक काडी मोडली नाही, म्हणे.

भिवरा धापा टाकत पोचली तेव्हा हवालदार अजून फांदी कवटाळून बसला होता. तिनं दुसरी फांदी हातानं मोडली आणि घरात शिरली. बाहेर येऊन म्हणाली, "किल्लेदाराला सांगा, लाकूड तुमच्याच राखणीत आलं."

हवालदार काय सांगणार? झाडावर बसून बाळंतिणीच्या दारात उतरलो म्हणून? हुकूम कुणी मागं घेतला नाही. फक्त त्यानंतर तो कुणी बोलून दाखवला नाही. पोरीनं पाचवा दिवस बघितला, सहावा बघितला, आणि पुढं चांगली नातवंडं-पतवंडं बघितली. गावातली निम्मी घरं तिचीच.

आजही माघात गावच्या बाया वर जातात. कुऱ्हाड नेत नाहीत. पडलेलं एक झाड याच रेघेनं ओढून आणतात आणि पहिली फांदी बाळंतिणीच्या घरी पोचती करतात. बुंध्यावर मात्र गावातला मोठा माणूस बसवावा लागतो, बहुतेक सरपंच. हल्ली झाड सुसाट सुटू नये म्हणून मागूनही दोर लावतात, सरपंच काही दर वर्षी नवा मिळत नाही.

गेल्या साली जंगलाचा नवा गार्ड आडवा आला. परवानगीचा कागद दाखवा म्हणाला. पुढच्या म्हातारीनं पदरानं बुंध्यावरचा पाला झाडला आणि म्हणाली, "बसा, साहेब."

त्यानं दोराकडं पाहिलं. दोरावर चाळीस बाया होत्या.

बसला.