दोन काठांची चाल

गावांना अजून नावं पडायची होती, त्या जुन्या काळची ही गोष्ट. एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. सुगी आटोपली की दोन्हीकडची माणसं नदीच्या वाळवंटात जमत. ढोल घुमे, पावा वाजे आणि एकाच चालीवर सगळे फेर धरत. कोण अलीकडचा, कोण पलीकडचा, हे त्या फेरात ओळखू येत नसे.

एकदा राजाचा गवई तिथून चालला होता. ती चाल कानावर पडली आणि तो जागीच थबकला. इतकी वर्षं दरबारात गाऊनही असं काही त्याच्या गळ्यातून निघालं नव्हतं.

फेर थांबल्यावर त्याने विचारलं, “ही चाल मुळात कुणाची? त्या गावाची कीर्ती मी दरबारात सांगेन.”

अलीकडचा पाटील चटकन म्हणाला, “आमची, बुवा! आणखी कुणाची असणार?”

पलीकडच्या पाटलाचा चेहरा उतरला. “तुमची कशी? आमच्या पणज्यापासून आम्ही वाजवतोय.”

“आमचं ऐकूनच ना?”

हसण्यावारी निघालेला विषय हमरीतुमरीवर आला. कुणीतरी कुणाचा ढोल फोडला. माणसं फेर अर्धा टाकून आपापल्या काठाला निघून गेली.

गवई ओशाळला. पण त्याला वाटलं, खरं काय ते कळलं की भांडण आपोआप मिटेल. तो शोधाला निघाला. नदीच्या काठाकाठाने, गावोगाव विचारत तो डोंगरात पोचला. तिथे धनगरांच्या वाडीत एक म्हातारी लोकर पिंजत बसली होती आणि तीच चाल गुणगुणत होती.

“आजी, ही चाल कुठली?”

“आमच्या वाडीतल्या दोघी बहिणींची रे. माझी आजी सांगायची. एक नदीच्या ह्या काठाला दिली, दुसरी त्या काठाला. पूर आला की भेट कसली? मग एकीने इकडून सूर लावायचा, दुसरीने तिकडून पुरा करायचा. सूर आला की समजायचं, बहीण बरी आहे.”

गवयाचे डोळे भरून आले. चाल दोन्ही गावांची होती! तो तसाच माघारी धावला.

तो पोचला तेव्हा पुढची सुगी होऊन गेली होती. वाळवंटात कुणी उतरलंच नव्हतं. त्याने दोन्ही पाटलांना गाठून सगळं सांगितलं. अलीकडचा मान खाली घालून बसला. पलीकडचा म्हणाला, “खरं असेल, बुवा. पण माझी लेक अलीकडे दिलीय. भांडण झालं तेव्हापासून तिला माहेरी पाठवत नाहीत. परवा तिची आई गेली. तिला शेवटचं तोंडही बघता आलं नाही. आता ह्या खऱ्याचं मी काय करू?”

गवई उठून राजधानीची वाट चालू लागला.

पुढे दोन्ही गावांनी आपापली चाल मुद्दाम बदलली, एकमेकांसारखी वाटू नये म्हणून. जुनी चाल हळूहळू विसरली गेली. एकदा राजाने गवयाला ती म्हणायला सांगितली, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, “महाराज, ती चाल फेरात होती. तो फेर मी मोडला.”

सगळ्यांचं म्हणून जे नांदत असतं, ते कुणा एकाचं ठरवायला गेलं की कुणाचंच उरत नाही.