टाकळमाळची बायजाक्का आणि रिकामं आळं

फार वर्षांपूर्वी, टाकळमाळात अजून एकाच्याही परसात सावली पडत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गाव सगळं मुरमावर वसलेलं. पाणी खालच्या ओढ्यावरून डोक्यावर आणायचं. झाडाला घालायला वेगळं पाणी कुठून आणणार? घराच्या मोरीतून धुण्याभांड्यांचं जे सांडेल तेवढंच, आणि तेवढ्यात जगणार एकच झाड. म्हणून एका घराला एक मोरी आणि एका मोरीला एक झाड, असा तिथला हिशोब.

आणि त्या गावात होती बायजाक्का. गावातल्या हैबतीआबांनी ओढ्याकाठी तिला जरा जागा दिली होती, तिथे ती रोपं करायची. तिच्या हाताला असा गुण होता की तिनं वाळकी काटकी खोचली तरी तिला पालवी फुटायची, असं म्हणतात. मृग लागला की ती टोपलीत रोपं घेऊन घरोघर जायची, मोरीच्या तोंडाशी आळं खणायची, रोप लावून माती थोपटायची आणि म्हणायची, "रुज गं बाई." की रुजलंच.

मग गावात झाडं का नव्हती? अहो, तेच तर! टाकळमाळची माणसं. लाख माणसांत उठून दिसतील अशी. बायजाक्का दारात उभी राहिली की घरातलं कुणी विचारायचं, "अक्का, पेरू लावू का सीताफळ?" अक्का म्हणायची, "पेरू लाव." की लगेच, "पण सीताफळ बरं नव्हे का?" "बरं, मग सीताफळ लाव." "पण पेरूचं तसं नाही ना अक्का..." एवढ्यात शेजारी यायचा, मग त्याचा शेजारी, आणि मृग संपायचा, आर्द्रा संपायच्या, टोपलीतली रोपं टोपलीतच माना टाकायची. बायजाक्का ती ओढ्यावर परत नेताना मोठमोठ्यानं बोलत जायची. काय बोलायची ते मी इथं सांगत नाही, लेकरंबाळं बसलीत.

सगळ्यात कहर हैबतीआबांच्या घरी. आबांनी म्हातारपणी नवं घर बांधलं, मागं हातभर परस सोडलं, आणि एकच इच्छा धरली. आपल्या परसातल्या झाडाचं फळ तोंडात पडावं, मग डोळे मिटले तरी चालेल. बायजाक्का त्यांना भाऊ मानायची. ती त्याच मृगात आली, आळं खणलं, एका हातात पेरूचं रोप, एका हातात सीताफळाचं.

"पेरू लाव अक्का," आबांचा थोरला लेक रावजी म्हणाला. "तीन वर्षांत धरतो. बारा महिने हिरवा. आबांना उन्हाळ्यात सावली होईल."

"आणि शेळ्या?" धाकटा म्हस्कू म्हणाला. "पेरूचा पाला शेळी ठेवते होय? सीताफळाला ती तोंड लावत नाही. दगडातसुद्धा येतं."

"ऐन उन्हाळ्यात त्याचा पाला झडतो. आबांनी काय काटक्यांखाली बसायचं?"

"पेरूवर पोपट येतात."

"सीताफळाला मुंगळे लागतात!"

बायजाक्का दोन्ही हात पुढं करून उभी. हात भरून आले. "अरे बाबांनो, दोन्ही झाडं गुणाची आहेत," ती म्हणाली. "पेरू लावाल तर तीन वर्षांत खाल. सीताफळ लावाल तर चौथ्या वर्षी खाल. नुसती तोंडं चालवाल तर आबा काय माती खातील?"

"बरोबर आहे अक्का," दोघं एकदम म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले.

ते वर्ष असंच गेलं. आळ्यात माती भरून आली. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा खणलं, पुन्हा तेच. तोवर सगळा गाव भांडणात उतरला होता. चावडीवर पेरूवाले एका अंगाला बसायचे, सीताफळवाले दुसऱ्या अंगाला. सोयरीक ठरवतानाही पावणे कुठल्या अंगाचे ते आधी विचारत, असं म्हणतात. आणि एवढं सगळं करून गावात झाड किती? एक नाही!

इकडे आबांचे दात पडत होते. पहिल्या वर्षी सात होते, तिसऱ्या वर्षी चार उरले. म्हस्कूला जोर चढला. "आता पेरू कसा चावतील? सीताफळच पाहिजे." रावजी म्हणायचा, "पिकला पेरू दातांवाचूनही जातो. सीताफळाच्या बिया आबांना दिसतील का? एखादी घशात अडकली म्हणजे?" आबांवर दोघांची माया खरी, त्याला नाव ठेवायला जागा नाही. दोघांनी आबांना कधी काही कमी पडू दिलं नाही. पण इतक्या वर्षांत एकानं तरी आबांना विचारावं की नाही, तुम्हाला काय पाहिजे म्हणून? नाही विचारलं.

सातव्या वर्षी आबांनी अंथरूण धरलं. तोंडात एक दात राहिला नव्हता. बायजाक्का बघायला आली. तेव्हा परसातून दोघा भावांचा आवाज येतच होता.

"बायजे," आबा हळूच म्हणाले, "पोरं माझ्यासाठीच भांडतात गं. त्यांना बोलू नकोस. पण काहीतरी तोंडात पडलं असतं माझ्या परसातलं, तर बरं झालं असतं."

हे ऐकलं आणि बायजाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा परसात गेली. कुदळ घेतली, आळं गुडघाभर खोल खणलं आणि कासोटा घट्ट मारून स्वतःच आत उभी राहिली.

"हे काय अक्का?" रावजीनं विचारलं.

"आळं रिकामं ठेवायचं नाही आता," ती म्हणाली. "तुमचं ठरेपर्यंत मी इथून हलत नाही. मेल्यांनो, त्या माणसाजवळ आता चार दिवस नाहीत आणि तुम्ही पोपट मोजता!"

भाऊ वरमले. लगेच ठरवायला बसले. पण ती टाकळमाळची माणसं! पहिल्या दिवशी ठरलं नाही. मोरीचं पाणी वाहत येऊन बायजाक्काच्या पावलांत मुरलं. दुसऱ्या दिवशी चावडी उठून परसात आली आणि अक्काच्या डोक्यावरून वाद सुरू झाला. कुणी तिला भाकर दिली, तिनं घेतली नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझे पाय जड झालेत रे. लवकर करा."

"झालंच अक्का, एवढं शेळ्यांचं मिटू दे," म्हस्कू म्हणाला.

चौथ्या दिवशी ती काही बोलली नाही. तिच्या खांद्यावर चिमणी येऊन बसली, तरी तिनं उडवली नाही. भाऊ बोलत होते, त्यांनी बघितलं नाही.

पाचव्या दिवशी उजाडलं तेव्हा आळ्यात बायजाक्का नव्हती. तिथं वळचणीएवढं झाड उभं होतं, पानं ओली, आणि एका फांदीवर एकच फळ.

आता तरी गप्प बसावं की नाही? छे! गाव जमला आणि पहिला सवाल काय, तर हा पेरू का सीताफळ! रावजी पान चुरगाळून वास घेतो, म्हस्कू साल खरवडून बघतो, शेळी आणून पाला खाते का ते पारखतात. शेळी खाऊ की नको करत तशीच उभी राहिली, असं म्हणतात. तीही त्याच गावची.

या गलक्यात आबा उठले. ज्यांना कुशीवर वळवावं लागे, ते काठी टेकत मोरीच्या वाटेनं परसात आले. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी झाडाच्या खोडावर हात ठेवला, जरा वेळ ठेवूनच दिला. मग फांदी आपण होऊन खाली आली. आबांनी फळ तोडलं, खाली बसले आणि बोळक्या तोंडानं सगळं खाल्लं.

मग पोरांना दिसलं. दोघं धावत आले. "आबा, काय होतं? पेरू होता का सीताफळ?"

आबांनी मिशा पुसल्या. "गोड होतं," ते म्हणाले.

"पण आबा, बिया बारीक होत्या का मोठ्या?"

"गोड होतं रे बाबांनो," आबा म्हणाले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

तेव्हा मात्र परसात पहिल्यांदा सगळे गप्प झाले. तेरावं झाल्यावर रावजी आणि म्हस्कू त्या झाडापुढं जाऊन बसले. "अक्का, ये बाहेर," रावजी म्हणाला. "आमचं ठरलं. कुठलंही लाव." म्हस्कूही म्हणाला, "कुठलंही लाव अक्का, आम्ही बोलत नाही." दोघं हमसून हमसून रडले. झाड जागचं हललं नाही. पुढं कित्येक वर्षं ते तिथंच होतं, पण त्याला पुन्हा फळ धरलं नाही.

आता तुम्ही विचाराल, झाड होतं तरी कशाचं? विचारू नका! टाकळमाळात हा सवाल आजही कुणी तोंडातून काढत नाही.

आज तिथं घराघरामागं झाड आहे. मृगात आळं खणलं की हाताला लागेल ते रोप दिवस मावळायच्या आत लावतात आणि "बायजाक्का, तुझ्या नावानं" म्हणून माती थोपटतात. लावताना कुणी एकमेकांशी बोलत नाही. झाड धरलं की पहिलं फळ घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात देतात आणि सगळं घर त्याच्यासमोर गप्प बसून राहतं. ते माणूस सावकाश खातं. आणि फळ कच्चं असो, तुरट असो, खाऊन झालं की सगळ्यांकडं बघून म्हणतं, "गोड आहे."