भागोजी शिंप्याने शिवलेला लग्नाचा पोशाख

एका गावात एक भोळा शिंपी होता, भागोजी. शिवण सरळ घालायचा आणि कुणी काही सांगितलं की तेही सरळच धरून चालायचा.

हल्ली बाया ब्लाउजचे गळे मोबाइलवर बघून निवडतात, म्हणून त्याला दुकानाचं ॲप हवं होतं. तालुक्याला वैदेही नावाची मुलगी ॲप बनवायची. तिने विचारलं, गिऱ्हाइकांचे फोन कुठले? भागोजी म्हणाला, काहींचे साधे, काहींचे त्या दुसऱ्या कंपनीचे, महागडे.

"साध्यांचं माझ्या कॉम्प्युटरवर होईल, काका," वैदेही म्हणाली. "महागड्यांचं नाही. ज्या कंपनीचा फोन, त्याच कंपनीचा कॉम्प्युटर लागतो. ॲप बनवायचं सामान ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालूच देत नाही. तो मी भाड्याने आणते."

भागोजीला हे फार पटलं. घरी सरपंचबाईंचं ब्लाउजचं कापड आलं होतं, काठावर गिरणीचं नाव छापलेलं. ते घेऊन तो एसटीने थेट गिरणीत गेला. कापड तुमचं, तेव्हा शिवायचं तुमच्याच मशीनवर, असं त्याने पहारेकऱ्याला सांगितलं. पहारेकऱ्याने त्याला पाणी पाजलं आणि परतीच्या एसटीत बसवून दिलं.

बायकोने, सुभद्राने, कपाळाला हात लावला. कापड कुठलं ते बघू नका, ज्याला घालायचं त्याचं माप बघा, असं तिने बजावलं.

भागोजी टेप घेऊन पुन्हा तालुक्याला गेला. तिथे वैदेहीच्या एका गिऱ्हाइकाचा महागडा फोन त्याने उभा-आडवा मोजला आणि तिला म्हणाला, आता माप मिळालं, कॉम्प्युटर कुठलाही चालेल. ती पोट धरून हसली. कॉम्प्युटर तिने आणलाच होता. त्याच्या पडद्यावर एक खोटा फोन असतो, तो तिने दाखवला. खरा फोन हाताशी नसला की ॲप आधी या खोट्यावर चालवून बघायचं, असं तिने समजावलं. भागोजीने तेही मनात पक्कं केलं.

पुढे सुभद्राच्या भावाचं, अंकुशचं, लग्न ठरलं. तो सुरतेला नोकरीला, कपडे घालून बघायला यायला सवड नाही. त्याने फोनवर माप कळवलं.

"एकुलता एक भाऊ आहे माझा," सुभद्रा म्हणाली. "माहेरी मला मान खाली घालायला लावू नका."

या वेळी भागोजीने कसलीच कसर ठेवली नाही. खरा नवरदेव हाताशी नव्हता, म्हणून तो शेतातल्या बुजगावण्याकडे गेला. कपडे त्याला घातले, उसवले, पुन्हा शिवले. एक सुरकुती राहू दिली नाही.

लग्नाच्या दिवशी अंकुश खोलीतून बाहेर आला तो उड्या मारतच. शेरवानीच्या बाह्या दोन्हीकडे आडव्या ताठ, हात काही खाली येईनात. विजारीला पाय एकच. वाजंत्री थांबली. नवरीकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सुभद्राला रडू कोसळलं.

"अहो, काय केलंत हे?"

भागोजीने मेहुण्याभोवती एक फेरी मारली. शिवण ओढून बघितली, बाही चाचपली. मग शांतपणे म्हणाला, "कपड्यात काही चूक नाही. शेतातल्याला अगदी नीट बसतात. हा नवरदेवच दुसऱ्या कंपनीचा आहे."